विल्सन जोन्स : स्वतंत्र भारताचा विस्मृत विश्वविजेता

१/८
भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला १९८३ साली. विश्वनाथन आनंद विश्वविजेता झाला २००० साली. पण स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक जागतिक विजेतेपद १९५८ सालीच मिळाले होते. ते मिळवून देणारा खेळाडू पुण्याचा होता आणि त्याचा खेळ होता बिलियर्ड्स.

२/८
या खेळात टेबलावर तीनच चेंडू. आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांना स्पर्श केला की दोन गुण. तांबडा चेंडू जाळीत घातला की तीन. गुण मिळत राहतील तोवर पाळी आपलीच. धुळे-जळगावच्या गल्लीत कॅरम खेळलेल्यांना हे सहज उमजेल.

३/८
कॅरम मात्र ओसरीवरचा खेळ. बिलियर्ड्स लष्करी छावण्यांचा आणि जिमखान्यांचा. या खेळातून निघालेल्या स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला, असे मानतात. मुंबईहून जळगाव-भुसावळमार्गे जबलपूरला जाणारा लोहमार्ग त्याआधी पाच वर्षे पूर्ण झाला होता.

४/८
विल्सन जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात, अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. १९४७ नंतर या समाजातील अनेक कुटुंबांनी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची वाट धरली. जोन्स इथेच राहिले.

५/८
१९५० साली ते प्रथम राष्ट्रीय विजेते झाले. १९६६ पर्यंत हा मान त्यांनी एकूण बारा वेळा मिळवला. ही सारी कामगिरी हौशी गटातील, म्हणजे खेळावर चरितार्थ न चालवता केलेली.

६/८
१९५२ साली जागतिक हौशी स्पर्धा कलकत्त्यात भरली, तेव्हा विजेतेपद इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफिल्ड यांच्याकडे गेले. १९५८ साली स्पर्धा पुन्हा कलकत्त्यात आली. या वेळी जोन्स जिंकले.

७/८
पुढच्या दोन स्पर्धा इंग्लंडचे हर्बर्ट बीथम आणि ऑस्ट्रेलियाचे बॉब मार्शल यांनी जिंकल्या. एकदाचे यश योगायोग ठरवणे सोपे असते. १९६४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, जोन्स यांनी न्यूझीलंडमध्ये तेच विजेतेपद पुन्हा मिळवले. १९६५ साली पद्मश्री आणि १९९६ साली द्रोणाचार्य पुरस्काराने त्यांचा गौरव झाला.

८/८
५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९५८ पूर्वी या स्पर्धेच्या विजेत्यांत एकही भारतीय नाव नव्हते. त्यानंतर मायकेल फरेरा आले, गीत सेठी आले, पंकज अडवाणी आले. या नामावलीचा आरंभ मात्र पुण्याच्या जोन्स यांच्यापासून होतो.