जुनी लूना आणि न मिळणारा पार्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मावशींची लूना बंद पडली. बेडशाहून कामशेतला त्यांचं दूध तिच्यावरच जायचं. एका दुकानात सांगितलं, "हा माल आता येत नाही. भंगारात घाला." दूध घरातच राहायला लागलं.

पूर्वी बैलगाडीचा आरा मोडला तर गावचा सुतार माप घेऊन नवा बसवायचा. चाकाची धाव लोहार चढवायचा. माप गावातच असायचं. यंत्रं आली आणि माप कंपनीकडे गेलं.

किनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली लूना आणली. ५० सीसीचं इंजिन, गिअरची कटकट नाही, पायडल मारून चालू करायची. साडी नेसूनही चालवता यायची, म्हणून कितीतरी बायकांची ती पहिली गाडी झाली. १९८४ साली बटणावर चालू होणारी किनेटिक होंडा आली. १९९८ साली होंडा भागीदारीतून बाहेर पडली. २००८ साली किनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्रकडे गेला. २०२४ साली लूना परत आली, पण विजेवर चालणारी. तिचा जुन्या इंजिनाला काय उपयोग? आपल्या दारातल्या गाड्या तशाच राहिल्या, पार्ट आटले.

आम्ही लोकलनं पुण्याला गेलो, नाना पेठेत. काउंटरवरचे काका म्हणाले, "ताई, कोणती लूना? सुपर, टीएफआर की मॅग्नम?" आम्ही गप्प. नाव एक, गाड्या अनेक! नशिबानं मावशींनी तुटलेलं बेअरिंग पदरात बांधून आणलं होतं. काकांनी ते पुसलं, कडेवरचा नंबर वाचला आणि दुसऱ्या कंपनीचं तसंच काढून दिलं.

त्यांनी समजावलं ते असं. बेअरिंगचे नंबर जगभर सारखेच. समजा ६२०१ असेल, तर आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३२, जाडी १०. ऑइल सीलवरही अशीच तीन मापं असतात. हे कुठल्याही कंपनीचं चालतं. अवघड जातं ते कार्बोरेटर, क्लचसारखं त्या एकाच गाडीसाठी केलेलं सामान. त्यासाठी जुना बाजार धुंडाळावा लागतो, रविवारी नाहीतर बुधवारी.

म्हणून तुटलेला पार्ट टाकू नका. दुकानात जाताना तो आणि आरसी बुक दोन्ही न्या. गाडीचं मॉडेल, साल, चेसिस नंबर गटाच्या वहीत उतरवून ठेवा. आमच्या वहीत मावशींच्या लूनाचं पान पहिलं आहे.