साष्टीची ख्रिस्तमंडळी आणि ‘ख्रिस्तपुराण’: धार्मिक प्रौढत्वाचा एक विचार

धर्मांतराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाला आकड्यांचा मोह आवरत नाही. अमुक वर्षी किती जणांनी बाप्तिस्मा घेतला हे मिशनऱ्यांच्या पत्रव्यवहारावरून कळू शकते. परंतु बाप्तिस्मा घेतलेला समाज पुढे श्रद्धेत वाढला काय, आणि वाढला असल्यास कोणत्या मार्गाने, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत सापडत नाही. गोव्यातील साष्टी प्रांतापुरते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास एक मोलाचे साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली राशोल येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ होय.

स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतचा त्यांचा बहुतेक काळ साष्टीत गेला. तेथील मंडळीचा आरंभ केवळ उपदेशाने झाला नव्हता, हे प्रथमच सांगितले पाहिजे. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली. जुन्या ग्रंथांवर व विधींवर बंदी आली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइटांचा वध झाला, व त्याची परिणती कठोर शासनात झाली. अशा परिस्थितीत नवख्रिस्ती माणसाच्या वाट्यास आलेले धर्मशिक्षण हे मुख्यतः मतसिद्धांताच्या पाठांतराचे होते.

‘ख्रिस्तपुराणा’चा आरंभ याच पाठशाळेत होतो. देवळात धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विनंती करतो. तिचा आशय असा, की आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी मन रमेल व उन्नत होईल असे दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? मतसिद्धांत त्याला अमान्य नाही. परंतु तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. येथे श्रोता हा शिकवलेले म्हणून दाखविणारा विद्यार्थी राहिलेला नाही. आपल्या श्रद्धेस कोणत्या अन्नाची गरज आहे हे तो स्वतः ओळखतो आणि मंडळीत राहूनच ते मागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते मंडळीच्या प्रौढत्वाची पहिली खूण हीच होय.

या मागणीस स्टीफन्स यांनी दिलेले उत्तरही तिच्या तोलाचे आहे. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात आदिपुराण व देवपुराण असे दोन भाग असून कथेची भाषा मराठी आहे. सामान्य श्रोत्यांच्या सोयीसाठी तीत कोकणी शब्द मिसळले आहेत. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास कवी कचरत नाही. ग्रंथाची छपाई रोमन लिपीत झाली, तरी या देशाच्या लिपीत ग्रंथ छापले जावेत ही आपली इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ सालच्या एका पत्रात व्यक्त केली होती.

यावर असा आक्षेप घेता येईल की, तो ब्राह्मण ही कवीची योजना असावी. पुराणांना श्रोता लागतोच. हे मान्य केले तरी मुद्दा ढळत नाही. दीर्घकाळ त्या लोकांत वावरलेल्या लेखकाने श्रोत्याच्या मुखी घातलेला प्रश्न निराधार असण्याचा संभव थोडा. आणि १६४९ व १६५४ साली निघालेल्या पुढील आवृत्त्या ग्रंथाची गरज प्रत्यक्ष होती असे सुचवितात. अधिक गंभीर आक्षेप निराळाच आहे. ज्याच्याजवळची पुराणे हिरावून घेतली गेली त्याची मागणी ही वाढीची खूण समजावी की वंचनेची? माझ्या मते ती दोन्ही आहे, आणि इतिहासकाराने त्यांपैकी एकीसाठी दुसरी लपवू नये.

मग या प्रौढत्वाची कसोटी कोणती? ती पुढील काळात सापडते. १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी स्थानिक लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारावी असा हुकूम काढला. ज्या वाणीत मंडळीची श्रद्धा वाढत होती तीच वाणी अधिकाऱ्यांना नकोशी झाली. पूर्वीच्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज अवशिष्ट असल्याचे ज्ञात नाही. तथापि गोव्याहून कानडा प्रांतात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखितांच्या रूपाने हे पुराण सांभाळले. त्या हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती काढली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने ते पुण्यात देवनागरीत प्रसिद्ध झाले.

बाप्तिस्म्यामागे सत्तेचे बळ होते, पाठांतरामागे शिस्तीचे होते. हस्तलिखिते जपण्यामागे मात्र कोणाचाही हुकूम नव्हता. जे सांभाळण्याची सक्ती नाही ते मंडळीने आपले म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे, यापरते तिच्या श्रद्धेच्या परिपक्वतेचे विश्वसनीय प्रमाण दुसरे क्वचितच मिळेल.