मिठाचे वाफे

भाषांतर करताना मी ज्या शब्दावर तीन आठवडे अडून बसले होते, तो दिसायला अगदी साधा होता : पोसा. स्पॅनिशमध्ये पाणी साचलेल्या खोलगट जागेला पोसा म्हणतात. पेरू देशातल्या मारास गावावरचा एक जुना प्रवासलेख मी मराठीत आणत होते आणि त्यात मिठाच्या पोसांचं वर्णन होतं. पहिल्या खर्ड्यात मी 'मिठागर' लिहिलं. पण मिठागर म्हटलं की मला उरण दिसतं, भाईंदर दिसतं. खाडीचा वास, क्षितिजापर्यंत सपाट पसरलेली जमीन. मारास समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर, अँडीज पर्वतात आहे. दुसऱ्या खर्ड्यात 'कुंड' लिहिलं, आणि त्या शब्दाबरोबर घंटा, फुलं, पायऱ्या असं सगळंच आलं. शेवटी पुढे कुस्कोला जाण्याची संधी मिळाली तेव्हा ठरवलं, की आधी जागा पाहायची आणि मग शब्द.

कुस्को शहरापासून मारास ४० किलोमीटरच्या आसपास आहे. वाट पठारावरून जाते, बटाट्याची आणि बार्लीची शेतं लागतात, आणि मग एकाएकी जमीन संपून दरी सुरू होते. दरीच्या उतारावर पांढरे, गुलाबी, तपकिरी चौकोन एकाखाली एक उतरत गेलेले. ३,०००हून अधिक आहेत म्हणतात. मला पहिल्यांदा आठवली ती कोकणातली भातखाचरं. फक्त हिरव्याच्या जागी पांढरं.

पाणी येतं ते वरच्या अंगाच्या एका झऱ्यातून. डोंगराच्या पोटात फार जुन्या समुद्राचं मीठ अडकून आहे, त्यातून हे पाणी वाट काढतं. धार इतकी बारीक, की एवढ्याशा पाण्यावर ही सगळी उतरंड चालते हे पटत नाही. ती पाटांत विभागली जाते, पाटांना उपपाट, आणि प्रत्येक चौकोनाला तोंडाशी एक छोटी खाच. खाच उघडायची, पाणी घ्यायचं, दगडमातीने बंद करायची. ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात. काही दिवसांनी पुन्हा पाणी. असं महिनाभर केलं की तळाशी बोटभर ते वीतभर यांच्या मधल्या जाडीचा थर जमतो. मग तो बडवून फोडायचा आणि खरवडून काढायचा. वरचं मीठ सगळ्यात पांढरं आणि महाग, मधलं गुलाबीसर, तळाचं मातकट.

हे चालतं कोरड्या ऋतूत, साधारण मे ते ऑक्टोबर. डिसेंबरपासून पाऊस लागला की मीठ विरघळतं, बांध खचतात, गाळ भरतो. पाऊस सरला की गाळ उपसायचा, तळाला चिकणमाती घालून पायांनी तुडवायची, बांध पुन्हा रचायचे. माहितीफलकांवर 'प्राचीन' हा शब्द जागोजागी आहे, आणि तो खोटा नाही. इथलं मीठकाम इंकांच्याही आधीचं मानलं जातं. पण त्या दिवशी माझ्यासमोर होता तो प्रत्येक चौकोन त्याच वर्षीच्या मे महिन्यात कुणीतरी तुडवलेला होता.

माझ्या प्रवासलेखाचा लेखक बांधांवरून चालला होता. मला ते करता आलं नाही. २०१९पासून पर्यटकांना वाफ्यांमध्ये उतरायला मनाई आहे. बुटांची घाण पाण्यात जात होती, बांध ढासळत होते. मी कठड्यापाशी उभी राहून थोडी खट्टू झाले, हे कबूल करते. इतक्या लांबून आले आणि लांबूनच पाहायचं! मग वाटेवरच्या दुकानांच्या रांगेत गेले, तिथे एक साठीच्या पुढची बाई मिठाच्या पुड्या मांडून बसली होती. तिच्या घराण्याचे आठ पोसा आहेत, आईकडून आलेले. इथले वाफे मारास आणि दरीच्या पायथ्याचं पिचिंगोतो या दोन वस्त्यांमधल्या कुटुंबांकडे आहेत, आणि बहुतेक वारशानेच हात बदलतात.

मी तिला इतिहास विचारायला गेले होते. माझ्याकडे तो पुरेसा होता म्हणा. इंकांच्या उत्पत्तिकथेत चार भाऊ गुहेतून बाहेर येतात. त्यांतल्या एकाचं नाव आयार काची. केचुआ भाषेत काची म्हणजे मीठ. हा भाऊ इतका बलवान, की गोफणीच्या दगडाने डोंगर फोडतो. घाबरलेले भाऊ त्याला काहीतरी आणायच्या निमित्ताने गुहेत परत पाठवतात आणि तोंड चिणून टाकतात. मीठ डोंगरात कोंडलेलं आहे, हे सांगायची याहून चांगली रीत मला सुचत नाही. अर्थात ही जोडणी माझी. कुस्कोत १५३९ साली जन्मलेल्या इंका गार्सिलासोने मात्र या नावाचा वेगळाच उलगडा केला : मीठ म्हणजे इंकांनी लोकांना दिलेली जगण्याची शिकवण. त्याची आई इंका राजघराण्यातली आणि वडील स्पॅनिश. १६०९ साली आपल्या लोकांचा इतिहास छापण्याआधी त्याने इटालियनमधून एक ग्रंथ स्पॅनिशमध्ये आणला होता, म्हणजे तो आमच्याच धंद्यातला. इंकांचे उपासही मीठ आणि मिरची वर्ज्य करून होत, हे वाचलं तेव्हा मला आजीचा अळणी उपास आठवला होता. 'अळणी' म्हणजे मुळात अ-लवण. आणि आपलं 'मीठ' हा शब्द तर हिंदीतल्या 'मीठा'चा सख्खा भाऊ. ज्याने चव येते ते मिष्ट, एवढाच त्याचा हिशेब.

पण मला खरं विचारायचं होतं ते कराबद्दल. भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात मीठ म्हटलं की १९३०च येतं : दांडी, धारासणा, आमच्याकडे वडाळा आणि शिरोडं. पेरूतलं साल त्याच्या ३४ वर्षं आधीचं आहे. चिलीबरोबरच्या युद्धात पेरूने ताकना आणि आरिका हे प्रांत गमावले होते. १८८३च्या तहात असं ठरलं, की दहा वर्षांनी तिथे सार्वमत घ्यायचं आणि ज्याच्याकडे प्रांत जातील त्या देशाने दुसऱ्याला १ कोटी पेसो द्यायचे. हा पैसा उभा करायला पेरू सरकारने १८९६ साली मिठाची मक्तेदारी आणली. अँडीजमधल्या शेतकऱ्यांसाठी मीठ ही बाजारातून आणायची वस्तू नव्हती. ते डोंगरातून काढायचं, लामांच्या पाठीवर घालायचं आणि मक्याच्या, बटाट्याच्या बदल्यात द्यायचं. दूरच्या दोन प्रांतांसाठी आपल्या मिठावर कर का, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयाकुचो भागातल्या वांता गावात केचुआ शेतकरी हजारोंनी उतरले. सरकारी अधिकारी मारले गेले. मग लष्कर आलं आणि त्याने वस्त्याच्या वस्त्या जाळल्या. सार्वमत काही झालंच नाही. १९२९ साली दोन्ही देशांनी करार करून ताकना पेरूला आणि आरिका चिलीला देऊन टाकलं. वांताला कुणी दांडी केलं नाही. तिथे गांधी नव्हते हे एक, पण त्या लढ्याची भाषा सत्ताधाऱ्यांना येत नव्हती हे दुसरं, आणि भाषांतरकार म्हणून मला ते जास्त बोचतं.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. वांता तिकडे लांब आहे, म्हणाल्या. त्यांची आजी मीठ घेऊन वरच्या गावांना जाई आणि सुकवलेले बटाटे घेऊन परते, एवढं त्यांना आठवत होतं. मग त्यांनी कठड्याकडे नेऊन खाली बोट दाखवलं. पांढऱ्या चौकोनांच्या मधोमध तीन-चार तपकिरी चौकोन होते. मला ते रंगसंगतीचाच भाग वाटले होते.

ते शेजाऱ्याचे. शेजारी वारला, मुलं लिमाला आहेत. दोन वर्षं कुणी गाळ काढला नाही, बांध रचला नाही. त्यांच्या फुटक्या बांधातून पाणी बाईंच्या खालच्या दोन पोसांत नको तेव्हा उतरतं आणि धरत आलेलं मीठ पुन्हा विरघळवतं. परवानगी घेऊन त्या बांध लिंपतात, पण आधी स्वतःचे आठ, त्यात गुडघे दुखरे. मुलगी गाइडचं काम करते. तिकिटांच्या पैशातला वाटा मिळतो, तो मिठाच्या मानाने बरा असतो. तिला मीठ काढता येतं का, असं मी विचारलं. येतं, म्हणाल्या, वेळ नसतो.

मी म्हटलं, आमच्याकडे बांधावरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. भांडायला शेजारी तरी हवा ना, म्हणाल्या.

परतताना गाडीत वही काढून मी 'कुंड' खोडलं आणि 'वाफा' लिहिलं. वाफा केला जातो, आणि करायचा राहिला तर राहत नाही. नंतर प्रवासलेखात एक वाक्य लागलं, लेखकाने बांधावरून उतरताना एक कोपरा ढासळल्याचं गंमतीने लिहिलेलं. मूळ जसं होतं तसं मी ते ठेवलं. त्या कोपऱ्याखाली कुणाचा वाफा होता, हे त्याने लिहिलेलं नाही.