वावळ (बोन्साय)

वावळ किंवा वावळा (शास्त्रीय नाव: होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया) हा अल्मेसी अर्थात एल्म कुलातील भारतीय पानझडी वृक्ष आहे. बोन्सायसाठी जगभर याच कुलातील चिनी एल्म (अल्मस पार्व्हिफोलिया) प्रचलित आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यासारख्या शुष्क, उष्ण प्रदेशात वावळ हा त्याचा स्थानिक पर्याय ठरतो. मात्र त्याच्या मोठ्या पानांमुळे रोपाची निवड आणि छाटणी वेगळ्या रीतीने करावी लागते.

वर्गीकरण व वैशिष्ट्ये

विल्यम रॉक्सबर्ग यांनी या वृक्षाचा समावेश एल्मच्या अल्मस प्रजातीत केला होता. १८४८ मध्ये प्लांशाँ यांनी तो होलोप्टेलिया या स्वतंत्र प्रजातीत ठेवला. एल्मची पाने दातेरी, तर वावळाची सामान्यतः अखंड कडांची असतात; जातिनामही हेच गुणलक्षण दर्शवते. चिनी एल्मची पाने सुमारे २ ते ५ सेंमी., तर वावळाची ८ ते १३ सेंमी. लांब असतात. चुरगळल्यास त्यांना उग्र वास येतो. हिवाळ्यात पानगळ होऊन निष्पर्ण फांद्यांवर फुले येतात आणि उन्हाळ्यात चपटी, पंखयुक्त फळे वाऱ्याने पसरतात.

रोपाची निवड

बुंध्याशी जाड व शेंड्याकडे निमुळते होत जाणारे खोड, चहूबाजूंनी पसरलेली मुळे आणि खालच्या भागात फांद्या असलेले रोप योग्य मानले जाते. फांद्या नंतर वाढवता येतात. खोडाचा दोष मात्र सहजी जात नाही. पाने मोठी असल्याने अगदी लहान आकारात झाड बेढब दिसते, म्हणून सुमारे ६० सेंमी. किंवा त्याहून उंच बोन्साय अधिक प्रमाणबद्ध वाटते. बियांपासून रोपे तयार करता येतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनातून विनापरवाना रोपे उपटून नेणे गुन्हा आहे.

छाटणी

मूळ आकार देणारी कठोर छाटणी पानगळीनंतर, नवी पालवी फुटण्यापूर्वी केली जाते. त्या वेळी फांद्यांची रचना स्पष्ट दिसते. तोडलेल्या वावळाला बुंध्यापासून जोमाने फुटवे येतात. त्यामुळे खोड कमी उंचीवर कापून नव्या फुटव्यातून शेंडा घडवता येतो. कापाच्या जागी एकत्र आलेले सर्व फुटवे राखल्यास तेथे गाठ तयार होते, म्हणून निवडक फुटवेच ठेवतात.

वाढीच्या काळात फांदीवर पाच-सहा पाने आली की ती दोन पानांवर छाटतात. पाने एकांतरित असल्याने शेवटच्या पानाच्या बगलेतील कळी ज्या दिशेला असेल, त्या दिशेने पुढील फांदी वाढते. शेंड्याचा जोर अधिक असल्याने वरचा भाग वारंवार आणि खालच्या फांद्या कमी छाटल्या जातात. अशा छाटणीने उपफांद्या वाढतात व नवी पाने तुलनेने लहान येतात. निरोगी झाडाची पाने देठ राखून काढल्यासही हाच परिणाम साधतो. अशक्त किंवा नुकतीच कुंडी बदललेल्या झाडावर हा प्रयोग टाळतात.

निगा

विदर्भाच्या उन्हाळ्यात उथळ कुंडीतील माती लवकर तापते व सुकते. त्यामुळे दुपारची सावली, नियमित पाणी आणि निचरा होणारे मिश्रण आवश्यक असते. आकारासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वी कापून काढतात.