व्हिक्टोरियाचे स्वस्त खूनपट
'आलम आरा' (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट आपल्या समाजातील जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या लेखणीतून उतरला, हे वाचकांस ठाऊकच आहे. त्याच दशकात कॅनडातील व्हिक्टोरिया शहरी केनेथ बिशप यांनी स्वस्त बोलपट काढले. १९२७ च्या ब्रिटिश कायद्यान्वये इंग्लंडातील चित्रपटगृहांत साम्राज्यात निर्माण झालेल्या चित्रपटांचा ठराविक वाटा दाखविणे बंधनकारक होते. कोलंबिया कंपनीला तेवढेच हवे होते. 'कन्व्हिक्टेड' (१९३८) या खूनपटात रिटा हेवर्थने खुनाच्या आरोपातून भावाला सोडविण्यासाठी झटणारी नर्तकी साकारली. १९३८ च्या नव्या कायद्याने कॅनडाचे चित्रपट त्या वाट्यातून वगळले आणि हा उद्योग संपुष्टात आला. मुंबईच्या बोलपटाला मात्र स्वतःचा प्रेक्षक होता. म्हणूनच तो टिकला.