दुनहुआंग : मरूद्यानातील लेणी आणि छायाचित्रांची साक्ष

चीनच्या कान्सू प्रांताच्या पश्चिम टोकाला, गोबी आणि तकलामकान या वाळवंटांच्या सीमेवर, दुनहुआंग हे मरूद्यान आहे. दक्षिणेकडील पर्वतांवरचे बर्फ वितळून जे पाणी येते, त्यावर येथील शेती व वस्ती टिकून राहिली. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हान सम्राट वू याने येथे लष्करी ठाणे वसविले. पश्चिमेकडे जाणारे व्यापारी तांडे येथे पाणी व शिधा घेऊन वाळवंटात शिरत. याच वाटेने धम्म चीनमध्ये पोहोचला. अनेक सूत्रांचे चिनी भाषांतर करणारा तिसऱ्या शतकातील भिक्खू धर्मरक्ष हा दुनहुआंगचाच रहिवासी. इ.स. ३९९ मध्ये भारताकडे निघालेल्या फाहियानला वाळवंट ओलांडण्यासाठी येथील अधिकाऱ्याने साहाय्य केले. महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवणारा ह्युएन त्संग भारतातून परतताना येथूनच गेला.

गावापासून सुमारे २५ किलोमीटरवर एका नदीकाठच्या कड्यात मोगाओ लेणी आहेत. परंपरेनुसार इ.स. ३६६ मध्ये एका भिक्खूने येथे पहिले लेणे कोरविले. त्यानंतर सुमारे एक हजार वर्षे हे काम चालू होते. भित्तिचित्रे व मूर्ती असलेली ४९२ लेणी आज येथे आहेत. चित्रांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस मीटर भरते.

या स्थळाचा विसाव्या शतकाच्या आरंभी 'शोध' लागला, असे अनेक ग्रंथांत लिहिलेले आढळते. हा शब्द तपासून घेतला पाहिजे. १९०० मध्ये वांग युआनलू नावाच्या ताओपंथी साधूला येथे भिंतीमागे बंद केलेली एक लहान खोली सापडली. तीत हजारो हस्तलिखिते होती. या खोलीपुरता 'शोध' हा शब्द योग्य आहे. लेण्यांना तो लागू पडत नाही. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन येथे आला, तेव्हा लेण्यांच्या वार्षिक यात्रेला हजारो स्थानिक लोक जमत होते. ती यात्रा संपेपर्यंत त्याला आपले काम लांबणीवर टाकावे लागले. ज्या स्थळी हजारो उपासक दरवर्षी वंदनेसाठी येतात, ते अज्ञात कसे म्हणता येईल? ते केवळ युरोपला अज्ञात होते.

स्टाइनने अल्प मोबदल्यात हस्तलिखितांच्या २४ पेट्या आणि चित्रांच्या ५ पेट्या नेल्या. इ.स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र त्यांतच होते. वांग जिए नावाच्या उपासकाने ते आपल्या माता-पित्यांच्या पुण्यार्थ, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी छापविले, अशी नोंद त्यावर आहे. १९०८ मध्ये आलेल्या पॉल पेलिओने मेणबत्तीच्या उजेडात हस्तलिखिते निवडली आणि हजारोंच्या संख्येने पॅरिसला नेली. मात्र त्याच्यासोबत शार्ल नूएत हा छायाचित्रकारही होता. त्याने टिपलेली लेण्यांची छायाचित्रे १९२० ते १९२४ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाली.

पुढे १९४३ मध्ये लो चि-मेई हा चिनी वृत्तछायाचित्रकार नोकरीतून रजा घेऊन पत्नी लिऊ शियान हिच्यासह येथे आला. लेण्यांत वीज नव्हती. आरसे आणि कापडी पडदे यांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश परावर्तित करून त्यांनी तो अंधाऱ्या दालनांत पोहोचविला. सुमारे दीड वर्षात त्यांनी अडीच हजारांहून अधिक छायाचित्रे टिपली. १९६० च्या दशकात कडा ढासळू नये म्हणून सिमेंटचे आधार बांधण्यात आले आणि लेण्यांचे बाह्यरूप पालटले. त्यामुळे पूर्वीची स्थिती जाणण्यासाठी ही छायाचित्रे आज महत्त्वाचा पुरावा ठरली आहेत. भिंत जागच्या जागी ठेवून तिची साक्ष जगापुढे मांडणे हाही संशोधनाचा मार्ग आहे, हे या दांपत्याने दाखवून दिले.

दुनहुआंगच्या हस्तलिखितांत सूत्रांबरोबर उपासकांच्या आणि स्त्रियांच्याही मंडळांची नियमपत्रे आहेत. त्यांवरून धम्म केवळ सम्राटांच्या आश्रयावर उभा नव्हता, हे स्पष्ट होते. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेख हेच सांगतात. सिंहदत्त या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे आणि सामी या सुताराचे नाव तेथे दगडावर कोरलेले आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी भिक्खूंबरोबर उपासकांचाही विचार केला आहे. त्या दृष्टीने पाहता या साध्या दात्यांच्या नोंदी इतिहासाच्या केंद्रस्थानी येतात.

अजिंठ्याचाही 'शोध' १८१९ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने लावला, असे आपण शिकत आलो. त्या अधिकाऱ्याने तेथील खांबावर आपले नाव कोरले. लेणी ज्यांच्या दानातून घडली, त्यांची नावे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहेत. ऊन, पाऊस व दुर्लक्ष यांमुळे लेण्यांतील अक्षरे झिजत जातात. आपल्या परिसरातील लेण्यांचे शिलालेख पद्धतशीरपणे टिपणे, त्यांचे वाचन करणे आणि त्यांतील नावे नव्या पिढीपर्यंत पोहोचविणे हे आज कोणाही उपासकाच्या आवाक्यातील काम आहे. अक्षरे पुसली जाण्यापूर्वी ते हाती घेतले पाहिजे.