दाबाखालील विहिरीत नळ उतरविण्याची कला : एक ऐतिहासिक विवेचन

१

'विहीर' हा शब्द उच्चारताच मराठी मनापुढे जे चित्र उभे राहते त्यात पाणी खाली असते आणि ते वर आणण्यासाठी माणसाला श्रम करावे लागतात. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या विहिरीची स्थिती पुष्कळदा याच्या नेमकी उलट असते. तेथे आतील पदार्थ आपण होऊन वर येऊ पाहतो आणि माणसाचे श्रम त्याला आवरून धरण्यात खर्च होतात. अशा विहिरीचा दाब कायम असता, तिचे तोंड क्षणभरही मोकळे न सोडता, तिच्यात पोलादी नळ घालणे किंवा तिच्यातून तो काढणे या कामास तेलक्षेत्रात 'स्नबिंग' असे नाव आहे.

वेधनतंत्राच्या इतिहासग्रंथांतून या कलेला सहसा एखाद्या परिच्छेदाहून अधिक जागा मिळत नाही. कोणी, कोणत्या साली, कोणते यंत्र केले एवढे नोंदविले की विषय संपला, असे मानले जाते. परंतु यंत्राचा शोध लागणे ही एक घटना होय. गरजेच्या दिवशी ते यंत्र गरजेच्या जागी उभे असणे ही सर्वस्वी दुसरी घटना होय. या दोहोंमध्ये जे अंतर पडते तेही इतिहासाचाच भाग मानले पाहिजे, आणि प्रस्तुत तंत्राच्या बाबतीत तर तोच भाग अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

सन १८५९ मध्ये एडविन ड्रेक याने पेनसिल्व्हानियातील टायटसव्हिल येथे जी विहीर खोदली ती जेमतेम २१ मीटर खोल होती. तीतील तेल पंपाने वर काढावे लागले. दाबाचा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही. तो उद्भवला विहिरी खोल जाऊ लागल्यावर. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड कारंजा उसळला व तो बंद करण्यास नऊ दिवस लागले. सन १९१० मध्ये कॅलिफोर्नियातील लेकव्ह्यू येथे उसळलेला प्रवाह तर सुमारे अठरा महिने वाहत राहिला, आणि त्यात ९० लाख पिंपांच्या आसपास तेल बाहेर पडले असा अंदाज आहे. त्या काळी असा कारंजा म्हणजे भाग्योदयाची खूण समजली जाई. वाया गेलेले तेल, भडकलेल्या आगी आणि गेलेले जीव यांचा हिशेब मागाहून होऊ लागला.

या दाबाला पहिले उत्तर मिळाले ते चिखलाच्या वजनाचे. फिरत्या पात्याने वेधन करताना विहिरीत जो चिखल खेळविला जातो तो केवळ दगडाचा चुरा वर आणीत नाही, तर आपल्या भाराने खालच्या दाबाला रोखूनही धरतो. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब देतो. पाण्याच्या सव्वापट जड चिखलाने हजार मीटर विहीर भरली, तर तळाशी सुमारे १२५ किलोग्रॅम दाब पडतो. हा दाब खडकातील दाबाहून अधिक असेपर्यंत विहीर स्वस्थ असते. तिला तेलक्षेत्राच्या बोलीत 'मृत' विहीर म्हणतात, आणि दाब असलेल्या विहिरीला 'जिवंत'.

दुसरे उत्तर लोखंडाचे. ह्यूस्टन येथील जेम्स अबरक्रॉम्बी व हॅरी कॅमरन यांनी सन १९२२ मध्ये विहिरीच्या मुखावर बसवावयाच्या एका उद्रेकरोधकाचे पेटंट मागितले. ते १९२६ मध्ये त्यांना मिळाले. यात दोन बाजूंनी दोन पोलादी ठोकळे पुढे सरकतात आणि मधल्या नळाला घट्ट बिलगून त्याच्या भोवतालची जागा बंद करतात.

परंतु दार बंद करता येऊ लागताच एक नवा पेच उत्पन्न झाला. विहीर उसळली त्या वेळी नळ बाहेर असेल, किंवा थोडाच आत असेल, तर काय करावयाचे? विहीर शांत करावयाची म्हणजे जड द्रव तळापर्यंत पोचविला पाहिजे; तळापर्यंत पोचविण्यास नळ हवा; नळ घालावयाचा तर दार उघडले पाहिजे; आणि दार उघडले की विहीर पुन्हा उसळणार. वरूनच जोराने द्रव आत ढकलण्याचा मार्ग असतो खरा, पण विहिरीच्या मुखावरील सर्व भाग तो वाढीव दाब सोसण्याइतके धड असतील तरच तो उपयोगी पडतो. हा मार्गही जेथे खुंटतो तेथे स्नबिंगची गरज सुरू होते.

३

सन १९२९ मध्ये हर्बर्ट सी. ओटिस याने या कामासाठी पहिले यंत्र सिद्ध केले. त्याचे तत्त्व समजण्यास थोडे गणित पुरेसे आहे. बंद तोंडाचा नळ दाबाखालील विहिरीत शिरू लागला की त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर विहिरीचा दाब खालून वर रेटा देतो. विहिरीच्या मुखाशी दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅम दाब आहे व नळाचा बाहेरील व्यास ७.३ सेंटिमीटर आहे असे धरू. छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे नळाला बाहेर फेकू पाहणारा रेटा सुमारे ८,४०० किलोग्रॅमचा. उलट अशा नळाचे वजन मीटरमागे दहा किलोग्रॅमांहून थोडे कमीच असते. अर्थात, घर्षण आणि वायूची घनता सोडून दिली तर, आरंभीचे साडेआठशे मीटर तरी नळ आपल्या वजनाने खाली जाणार नाही. त्याला खाली दाबूनच धरावे लागेल. या काळात पकड किंचित जरी सुटली तरी नळ बाणासारखा वर उसळेल. पुढे नळाचे वजन व विहिरीचा रेटा समान होतात, आणि त्यानंतर नळ स्वतःच्या भाराने उतरू लागतो. नळ काढताना हाच क्रम उलटा होतो आणि शेवटचा, वजनाने हलका झालेला भाग सर्वांत धोक्याचा ठरतो.

ओटिसच्या रचनेत पकडीचे दोन संच होते, एक स्थिर व एक चल. चल पकड दोर व कप्प्या यांच्या द्वारे वेधनमनोऱ्याच्या उच्चालकाला जोडलेली असे. उच्चालक वर गेला की दोर कप्प्यांवरून फिरून चल पकडीला खाली ओढीत आणि तिच्याबरोबर नळही खाली जाई. मग स्थिर पकडीने नळ धरावयाचा, चल पकड सोडून वर न्यावयाची, पुन्हा नळ धरावयाचा, असा हा क्रम चाले.

दाराचा प्रश्नही असाच पायरीपायरीने सुटतो. रोधकाचे ठोकळे गुळगुळीत नळावरून सरकू देतात. पण दोन नळ जोडणारा सांधा नळाहून जाड असतो, तो त्यांतून जात नाही. म्हणून एकावर एक असे दोन रोधक व मध्ये एक लहान कोठी ठेवतात. सांधा वरच्या रोधकाशी आला की खालचा रोधक बंद करून कोठीतील दाब बाहेर सोडतात. वरचा उघडून सांधा कोठीत घेतात व वरचा पुन्हा मिटतात. मग एका बाजूच्या वाहिनीने कोठीतील दाब विहिरीच्या दाबाइतका करून घेतात आणि शेवटी खालचा रोधक उघडतात. कालव्यावरील नाव एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेण्यासाठी दोन दरवाजांमधील पाणी ज्या युक्तीने वरखाली करतात, तीच ही युक्ती होय. नळाच्या आतून वायू येऊ नये म्हणून त्याच्या टोकाशी एकमार्गी झडप किंवा बूच आधीच बसविलेले असते. एकेक नळ सुमारे नऊ मीटर लांबीचा धरला तर हजार मीटरमागे शंभराहून अधिक सांधे येतात. आणि प्रत्येक सांध्यास हा सर्व विधी, त्यातील एकही पायरी न चुकता, करावा लागतो. त्या वेळी काम करणारी माणसे विहिरीच्या मुखाच्या वर, उंच मचाणावर उभी असतात.

४

येथे या तंत्राच्या नावाकडे थोडे वळणे अप्रस्तुत होणार नाही, कारण त्या नावात त्याचा पूर्वेतिहास जपला गेला आहे. इंग्रजीतील 'स्नब' हे क्रियापद मुळात उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतून आले. त्याचा पहिला अर्थ दटावणे, फटकारणे. पुढे खलाशांच्या बोलीत, सुटत चाललेल्या दोराला खुंटाभोवती वेढा देऊन एकदम अडविणे, असा अर्थ त्याला प्राप्त झाला. अमेरिकेतील गुराखीही मस्तवाल घोड्याचा दोर ज्या खांबाला गुंडाळीत त्याला याच क्रियापदावरून नाव पडले. ओटिसच्या दोर-कप्प्यांच्या यंत्राला हा शब्द सहज शोभला. आज यंत्रातून दोर गेला आहे. शब्द मात्र राहिला आहे.

वस्तू जाऊन शब्द उरणे ही गोष्ट या क्षेत्राला नवी नाही. आपला 'तेल' हा शब्द तिळापासून आला, लॅटिन 'ओलियम' ऑलिव्हच्या फळापासून. आणि आज दोन्ही शब्द ज्या खनिजाला लावले जातात त्याचा तिळाशीही संबंध नाही आणि ऑलिव्हशीही नाही. 'रॉकेल' या शब्दात 'रॉक ऑइल' दडले आहे हेही रॉकेल विकत घेणाऱ्याच्या मनात येत नाही.

'स्नब' याला मराठीत जवळचा शब्द शोधावयाचा तर तो 'मारणे' या क्रियापदाच्या नव्हे, तर 'वेसण घालणे' याच्या कुळात शोधावा लागेल. उधळलेल्या बैलाचा कासरा खुंटाला एक वेढा देऊन धरणारा शेतकरी बैलाचे बळ नाहीसे करीत नाही. तो ते बळ आपल्या हाती ठेवतो. चिखलाने विहीर 'मारणे' आणि तिला जिवंत ठेवून तिच्यात नळ उतरविणे या दोन वृत्तींत नेमका हाच भेद आहे.

५

सन १९६० मध्ये सिसेरो सी. ब्राउन याने द्रवचालित दट्ट्यांवर चालणारे स्नबिंग यंत्र तयार केले. आता दोरांची आणि उच्चालकाची गरज उरली नाही; यंत्र थेट रोधकांच्या उतरंडीवर उभे राहू लागले. दट्ट्या एका खेपेस साधारणतः तीन मीटर सरकतो. दाबून धरलेला बारीक नळ मध्येच वाकू नये म्हणून, दाब फार असता खेप याहूनही आखूड ठेवावी लागते. काम संथ झाले, पण त्यावरील ताबा वाढला. मुख्य म्हणजे वेधनमनोरा जळून कोसळला असेल अशा जागीही ते करता येऊ लागले. शिवाय विहीर 'मारण्यासाठी' आत घातलेला जड द्रव तेलवायुयुक्त खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून पुढील उत्पादन घटवितो, हे ध्यानी आल्यावर नेहमीच्या दुरुस्तीतही हे यंत्र वापरले जाऊ लागले. आपत्तीसाठी जन्मलेले साधन अशा रीतीने नित्याच्या कामातही आले.

६

शोधाचा इतिहास येथे जवळजवळ संपतो. दुसऱ्या इतिहासासाठी आसामकडे वळले पाहिजे. तेथील दिगबोई येथे १८८९ मध्ये तेल लागले. म्हणजे तेलाचा अनुभव त्या प्रदेशाला नवा नव्हता. त्याच आसामातील तिनसुकिया जिल्ह्यात, बागजान येथे, ऑइल इंडिया या कंपनीची पाच क्रमांकाची वायुविहीर होती. २७ मे २०२० रोजी तिच्यावर दुरुस्तीचे काम चालू असता, मुखावरील रोधक उतरविल्यानंतर, ती अकस्मात उसळली. ९ जून रोजी तिने पेट घेतला व अग्निशमनाचे काम करणारे दोन कर्मचारी मृत्युमुखी पडले. हजारो गावकऱ्यांना घरे सोडून छावण्यांत राहावे लागले. जवळच मागुरी-मोटापुंग ही पाणथळ जागा आणि डिब्रू-सैखोवा हे राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे शेती, मासेमारी व वन्यजीवन या सर्वांनाच झळ पोचली.

१७ ऑगस्ट रोजी जळत्या विहिरीच्या मुखावर नवा रोधक बसविण्यात यश आले. त्यानंतर वरून द्रव ढकलून विहीर शांत करण्याचा यत्न झाला. परंतु मुखाशी असलेल्या एका झडपेत गळती आढळल्याने तो सोडून द्यावा लागला. वायूचा प्रवाह दुसरीकडे वळवून ज्वाला कमी करण्यात आली, तरी विहीर जिवंतच राहिली. दुसऱ्या प्रकरणात सांगितलेला पेच येथे जसाच्या तसा उभा राहिला होता. तो सोडविण्यासाठी सुमारे ६० टन वजनाची स्नबिंगची यंत्रसामग्री कॅनडातील कॅलगरीहून विमानाने कोलकात्यास व तेथून रस्त्याने बागजानला आणावी लागली. दाबाखालीच नळ आत उतरविण्यात आला, जड क्षारद्रव खाली पोचविण्यात आला, आणि १५ नोव्हेंबर २०२० रोजी विहीर शांत झाली.

उद्रेकापासून त्या दिवसापर्यंत १७२ दिवस लोटले होते. यातील पहिल्या ८२ दिवसांचा दोष यंत्राच्या अनुपस्थितीवर ठेवता येणार नाही, कारण रोधकावाचून स्नबिंगचे यंत्र उभेच करता येत नाही. शिवाय त्या वर्षी साथीच्या रोगामुळे जगातील सर्वच दळणवळण विस्कळीत झाले होते, हेही विसरता येत नाही. उरलेल्या ९० दिवसांचा विचार मात्र निराळा आहे. त्यांतील काही दिवस अन्य उपाय करून पाहण्यात योग्य रीतीनेच गेले. पण शेवटी ज्या साधनाने काम झाले त्याचे तत्त्व ९१ वर्षे आणि द्रवचालित रूप ६० वर्षे जगाला माहीत होते.

७

यावरून असा निष्कर्ष निघतो की तंत्राचा इतिहास लिहिताना शोधांची सनावळी जितकी आवश्यक तितकाच त्या शोधांच्या वाटचालीचा लेखाही आवश्यक आहे. एखादे ज्ञान 'उपलब्ध' आहे असे म्हणताना ते कोठे उपलब्ध आहे, आणि तेथून येथवर येण्यास त्याला किती दिवस लागतात, हा प्रश्न विचारला पाहिजे. १९२९ आणि १९६० ही वर्षे यंत्राच्या इतिहासातील महत्त्वाची वर्षे होत, यात संशय नाही. परंतु बागजानच्या छावण्यांत राहिलेल्या माणसांच्या दृष्टीने त्या यंत्राचा इतिहास २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाला. कासरा धरण्याची विद्या जगात आहे एवढ्याने बैल आवरत नाही. तो उधळला त्या क्षणी कासरा जवळ असावा लागतो.